गोधडीच्या गोटाचे पैसे वेगळे घ्या : दर कसा काढायचा

गोधडीच्या शिलाईवर ठरावीक टक्के चढवले की गोटाचे, म्हणजे कडेने लावलेल्या पट्टीचे, पैसे निघतात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आतली शिलाई क्षेत्रफळावर चालते, गोट चालतो घेरावर. ६० बाय ९० इंचांची गोधडी घ्या : साडेसदतीस चौरस फूट आणि घेर २५ फूट. बाळाची ३६ बाय ४५ ची घ्या : सव्वाअकरा चौरस फूट, म्हणजे मोठीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण घेर साडेतेरा फूट, निम्म्याहून जास्त. टक्क्यांनी हिशेब करणारी बाई प्रत्येक लहान गोधडीवर फुकट राबते. आतल्या रेघा लाँगआर्मवर (गोधडी शिवायच्या लांब हाताच्या मोठ्या मशीनवर) मारा, साध्या मशीनवर मारा नाहीतर हाताने धावदोरा घाला; गोटाला शेवटी साधे मशीन आणि त्यावर बसलेली बाई लागतेच. म्हणून दर वेगळा, आणि तो फुटावर.

माप कडा छाटून, कोपरे काटकोनात आणल्यावरच घ्या. गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेले माप धरू नका; शिवताना गोधडी आक्रसते. कडा छाटायचे काम तुमच्याकडे असेल तर त्याचेही पैसे लावा.

कापड असे मोजा. मोठ्या गोधडीचा घेर ३०० इंच, त्यावर शेवटच्या जोडासाठी १५ इंच जादा. ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, किनार सोडून ४२ इंच हाती येतात, आणि तिरक्या जोडात दर पट्टीमागे साधारण अडीच इंच जातात. म्हणजे अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या, २० इंच कापड. मी गिऱ्हाइकाकडून ६० सेंटिमीटर मागते, म्हणजे धुऊन आटले तरी पुरते. सरळ कडेला आडव्या पन्ह्याची पट्टी चालते. तिरकी पट्टी फक्त गोलाईला, आणि तिचा दर जास्त, कारण कापड जास्त लागते आणि कापायला वेळ जातो.

अस्तराला सोलापुरी चादर आणून देणारी गिऱ्हाइके आपल्याकडे पुष्कळ. तिथे अडीच इंचांची पट्टी मागच्या शिलाईपर्यंत पोचत नाही. तीन इंचांची कापा, कापड पाऊण मीटर मागा आणि सुई १८ नंबरची लावा. जुन्या इरकलीचा लाल पदर गोटाला दिला असेल तर आधी ओला पांढरा फडका घासून बघा. रंग सुटला तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

आता तासाचा दर. माझे डोके सगळ्यात जास्त इथे खर्ची पडले, आणि बहुतेकजणी इथेच घसरतात. शेजारची काय घेते ते विचारून दर ठरवू नका. तिने तो कुठून काढला ते तिलाही सांगता येत नाही. तुम्ही हा वेळ गोटाला दिला नसता तर कशाला दिला असता? ब्लाउज शिवला असता, किंवा युनिफॉर्मच्या कारखान्याचे जॉबवर्क घेतले असते. त्यातून तासाला जे हातात पडते, त्याच्या खाली गोट लावायचा नाही. वर दोरा, सुया, वीज.

मग घड्याळ लावून एक अख्खा गोट लावा. अख्खा म्हणजे पट्ट्या कापणे, जोडणे, उभी घडी घालून इस्त्री करणे, सगळे धरून. मशीन चालते तेवढाच वेळ मोजणे हा शुद्ध तोटा आहे. वेळ खरा जातो तो कोपऱ्यांत. कडेला पाव इंच उरला की शिलाई थांबवायची, दोरा तोडायचा, पट्टी वर ४५ अंशांत दुमडायची, पुन्हा कडेबरोबर खाली आणायची आणि नवी शिलाई काठापासून धरायची. असे चार वेळा. शेवटी दोन्ही टोके एकमेकांवर बरोबर पट्टीच्या रुंदीइतकी, म्हणजे अडीच इंच चढवून कापायची आणि तिरका जोड घालायचा. हा जोड पीळ न पडता बसला पाहिजे, आणि त्याला वेळ लागतो.

समजा तासाचे १२० रुपये बसले. मोठ्या गोधडीला पट्टी करून पुढून लावायला दीड तास गेला, तर १८० रुपये. २५ फुटांना साधारण सव्वासात रुपये फूट. मागची बाजूही मशीनने दाबली तर एकूण अडीच तास, ३०० रुपये, १२ रुपये फूट. मागून हाताने हेमिंग केले आणि तासाला पाच फूट झाले, तर पाच तास वाढतात : साडेसहा तास, ७८० रुपये, ३१ रुपये फूट. हे आकडे माझ्या उदाहरणातले, तुम्ही तुमचे घाला. पण मशीनच्या आणि हाताच्या दरात एवढी तफावत येणारच. ती बघून घाबरून हाताचा दर उतरवू नका. हातशिलाईचा दर उतरवणे म्हणजे आपल्या बोटांचे पैसे दुसऱ्याला देणे, आणि एकदा उतरवलेला दर त्या गल्लीत पुन्हा चढत नाही.

लहान गोधडीला किमान रक्कम ठेवा. गोधडी लहान झाली तरी कोपरे चारच, शेवटचा जोड एकच. वरच्या अडीच तासांतला पाऊण तास या ठरलेल्या कामाचा धरला, तर साडेतेरा फुटांना सुमारे एक तास चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे २०० रुपये. फुटाच्या दराने मात्र १६२ च होतात. तेव्हा २०० च्या खाली हात लावायचा नाही.

गिऱ्हाइकापुढे तिन्ही प्रकार ठेवा : नुसता पुढून लावून, मशीनचा पूर्ण, हाताचा पूर्ण. तोंडी सांगून भागत नाही. हातभर लांबीचा एक नमुना करा, त्यावर तिन्ही प्रकार आणि एक कोपरा. "अक्का, नुसता काठ तर आहे, त्याचे काय वेगळे पैसे?" म्हणणारीच्या हातात तो द्या आणि मागची बाजू बघायला सांगा. हेमिंगचे टाके दिसत नाहीत हे तिचे तिलाच दिसते. पहिला प्रकार मुद्दाम ठेवा. ज्यांना हेमिंग घरी करायचे असते त्या आनंदाने तो घेतात आणि तुमचे तास वाचतात.

दर, प्रकार आणि कापड कोणाचे, एवढे चिठ्ठीवर लिहून द्या. तुमचे कापड असेल तर त्याचे पैसे आधी घ्या. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, तोंडावर थंडीची कामे एकदम येतात; डिसेंबरपासून घाईच्या कामाला जादा दर लावा आणि तो आधीच सांगा.

जुन्या गोधडीचा झिजलेला गोट बदलून द्यायचे काम नव्या दराने घेऊ नका. जुना उसवायचा, दोरे वेचायचे, विरलेली कड आत घेऊन पुन्हा छाटायची, आणि मग गोट. उसवणीचा वेळ एका लांब आणि एका आखूड बाजूवर मोजा, दुप्पट करा, तो दरात घाला आणि मगच आकडा सांगा.