रिपोर्टच्या पहिल्या पानावर काय ठेवाल?

माझ्याकडे नवा ब्रँड आला की मी आधी त्यांचा मागच्या महिन्याचा सोशल मीडिया रिपोर्ट मागवते. पोस्ट नंतर बघते. पहिल्या पानावर कुठला आकडा ठळक छापलाय, यावरून टीम कशाच्या मागे धावतेय ते कळतं. बहुतेक ठिकाणी व्ह्यूज असतात, त्याखाली फॉलोअर्स, त्याखाली ईमेलचा ओपन रेट, म्हणजे पाठवलेल्या मेलपैकी किती उघडले गेले. या तिघांवर आता फारसा भरवसा ठेवता येत नाही.

यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही. जुन्या हिशेबाचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने ॲनालिटिक्समध्ये आत कुठेतरी सापडतो. त्यानंतर ज्यांचे व्ह्यूज एकदम फुगले, त्यांनी वेगळं काही केलेलं असेलच असं नाही. ईमेलचंही तसंच. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असलं की मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि ओपन रेट मोजणारं अदृश्य पिक्सेल हे एक चित्रच असतं. माणसाने मेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही तरी तो 'उघडला' अशी नोंद होते. फॉलोअर्सबद्दल काय बोलायचं. फीडमध्ये काय दिसणार हे नुसतं फॉलो केल्याने ठरत नाही, हे आपण स्वतःच्या फोनवर रोज बघतो.

तर पहिलं काम: हे तीन आकडे शेवटच्या पानावर ढकला. काढून टाकू नका, वरिष्ठ विचारणारच. पहिल्या पानावर प्रत्येक पोस्टसाठी चार रकाने घ्या: रीच (पोस्ट किती वेगवेगळ्या लोकांना दिसली), किती जणांनी पुढे पाठवली, किती जणांनी सेव्ह केली, आणि पूर्ण वाक्यात किती कमेंट आल्या. शेवटचा रकाना हाताने भरा, कारण टाळ्यांची इमोजी आणि 'वापरून वर्ष झालं, बॅगेचा पट्टा उसवला' या दोन्ही डॅशबोर्डवर एकेक कमेंटच असतात.

पुढे पाठवण्याला इतकं महत्त्व का? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की रँकिंगमध्ये सर्वांत जास्त वजन पाहण्याचा वेळ, लाइक्स आणि सेंड्स (पोस्ट दुसऱ्याला पाठवणं) या तिघांना आहे. आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला सेंड्स जास्त कामाला येतात. म्हणून सेंड्सना रीचने भागा आणि पोस्टची क्रमवारी त्यावर लावा. मोठा खर्च करून शूट केलेलं लाँचचं रील खाली गेलेलं दिसलं तर दचकू नका.

पाठवण्याजोगी पोस्ट सुचावी म्हणून मी टीमला मजकुराआधी एक ओळ लिहायला लावते: हे कोण, कोणाला, काय म्हणून पाठवेल? समजा ब्रँड बॅकपॅकचा आहे. 'आमची नवी रेंज आली' हे कोणी कोणाला पाठवणार नाही. 'कापड वॉटरप्रूफ असूनही बॅग आतून का भिजते?' हे लॅपटॉप भिजलेल्या मित्राला नक्की जाईल. उत्तरही ठोस आहे. पाणी शिरतं ते बहुधा शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून, म्हणून शिवणीवर आतून टेप लावलीय का ते बघा. अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्यासमोर बॅग उलटी करून दाखवता येतं. तुमच्याच एखाद्या बॅगेला ती टेप नसेल तर तेही सांगा, आणि रेन कव्हर घाला म्हणा. मार्केटिंगचे मोठे लोक इथे हमखास अडतात. अडू द्या. एकदा करून सेंड्सचा रकाना त्यांच्यापुढे ठेवा.

असे विषय मीटिंगमध्ये सुचत नाहीत. ते कस्टमर केअरच्या इनबॉक्समध्ये पडून असतात. तिथल्या माणसाकडून महिन्याभराचे प्रश्न घ्या, आणि लोकांनी लिहिलेत तसेच घ्या. 'झिप मेंटेनन्स' असं कोणी विचारत नाही. 'चेन मधेच अडकते, काय लावू?' असं विचारतात. तेच वाक्य रीलवर, तेच वेबसाइटवरच्या पानाचं शीर्षक. याचा उपयोग सर्चमध्येही होतो. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेपासून एआय ओव्हरव्ह्यूज सुरू केले, तेव्हापासून साध्या प्रश्नाचं उत्तर सर्चच्या पानावर वरच मिळू लागलं. इकडून तिकडून गोळा केलेल्या माहितीचं पान उघडायला मग कारण उरत नाही. स्वतः काढलेले फोटो, स्वतः घेतलेली मापं, बिघडलेला नमुना दाखवणारा व्हिडिओ, यासाठी मात्र लोक अजून आत येतात. शीर्षकात प्रश्न, पहिल्या दोन ओळींत उत्तर, मग तपशील, असा क्रम ठेवा.

व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करू का, हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. करा, पण तिथे फॉलोअरचा नंबर तुम्हाला दिसत नाही, हे समजून करा. सूचना आणि पोल यांसाठी ते चांगलं आहे. ती तुमची यादी मात्र नव्हे.

स्वतःची यादी म्हणजे अजूनही ईमेलच. नोंदणीच्या वेळी नावाशिवाय एकच प्रश्न विचारा, आणि तोही असा की उत्तरानुसार तुमचा मेल बदलेल: 'बॅग कशासाठी हवी, रोजच्या कामाला की डोंगरात?' दोघांना एकच मेल जाणार असेल तर विचारूच नका. जन्मतारीख, व्यवसाय वगैरे उगाच गोळा करण्याची हौस सोडा. माहिती साठवली की सांभाळायची जबाबदारी आली. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जात असतील तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याच पत्त्यावरून आलाय हे पडताळायच्या सोयी) तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडता यायला हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हव्यात. यादी लहान असली तरी हे करून घ्या. वर्षभरात एकदाही क्लिक न केलेल्यांना 'अजून पाठवू का?' असा एक मेल टाका, उत्तर नाही आलं तर नाव काढा.

आता विक्री कुठून आली ते कसं कळणार? प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळा यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची, क्लिक कुठून आला ते सांगणारी खूण) लावा, तेवढं किमान झालंच पाहिजे. पण खासगी चॅटमधून नुसती लिंक फिरली की ती ॲनालिटिक्समध्ये पुष्कळदा 'डायरेक्ट' म्हणून, म्हणजे कुठून आली ते न कळता, पडते. म्हणून ऑर्डरनंतरच्या पानावर 'आमच्याबद्दल कुठे ऐकलं?' असा मोकळा चौकोन ठेवा. ड्रॉपडाऊन नको, ड्रॉपडाऊनमध्ये लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. चौकोनात 'बहिणीने व्हिडिओ पाठवला' असं काहीतरी येतं, आणि सेंड्सच्या रकान्याशी ते जोडून वाचता येतं.

कमेंट, प्रश्न आणि या चौकोनातली उत्तरं यांचे गठ्ठे पाडायला एआय वापरा, वेळ वाचतो. नावं आणि नंबर आधी काढून टाका. ग्राहकाला परस्पर उत्तर द्यायला मात्र एआयला लावू नका. उसवलेल्या पट्ट्याच्या तक्रारीवर गोडगोड छापील माफी आली की माणूस आणखी चिडतो. आणि व्हिडिओत खरं वाटेल असं कृत्रिम दृश्य वापरलं असेल तर यूट्यूबवर अपलोड करताना तसं जाहीर करावं लागतं, मार्च २०२४ पासून. स्क्रिप्ट सुचवायला एआय घेतलं असेल तर त्याची गरज नाही.