शॉर्ट टर्म हेल्थ इन्शुरन्स संपला, आता मार्केटप्लेसवाले घेतील का?

आधी उत्तर सांगते: नाही घेणार. अमेरिकेत शॉर्ट टर्म, म्हणजे थोड्या मुदतीच्या, पॉलिसीची मुदत संपली म्हणून मार्केटप्लेसवर, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्हसारख्या सरकारी विमा साइटवर, स्पेशल एनरोलमेंट (वर्षाच्या मधेच प्लॅन घ्यायची मुभा) मिळत नाही. ऑफिसच्या ग्रुप प्लॅनचं गणित मात्र वेगळं आहे, ते खाली लिहिलंय आणि ते बऱ्याच एचआरवाल्यांनाही माहीत नसतं, त्यामुळे तेवढं तरी वाचाच.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न बहुतेक लेऑफनंतर पडतो. आमच्याच एका मित्राचं सांगते. नोकरी गेली, ऑफिसचा इन्शुरन्स ३१ मार्चला संपला. कोब्राचा (ऑफिसचाच प्लॅन नोकरीनंतर स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) आकडा बघून डोळे पांढरे झाले, कारण आधी कंपनी भरत होती तो वाटासुद्धा आता आपणच भरायचा असतो, वर २ टक्के फी. मग फोनवर एका एजंटने स्वस्तात ३ महिन्यांची पॉलिसी गळ्यात मारली, १ एप्रिल ते ३० जून. हा म्हणाला, चला, ती संपली की मार्केटप्लेसमधून घेऊ, कव्हरेज गेलं म्हणजे स्पेशल एनरोलमेंट मिळतेच ना!

गोम इथेच आहे. कव्हरेज गेलं की स्पेशल एनरोलमेंट मिळते हे खरं, पण गेलेलं कव्हरेज सरकारच्या भाषेत ‘मिनिमम इसेन्शियल कव्हरेज’ असावं लागतं. ऑफिसचा प्लॅन, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स), मार्केटप्लेसचा प्लॅन हे त्यात बसतात. शॉर्ट टर्म बसत नाही. फिक्स्ड इंडेम्निटी (आजारपणात ठरलेलीच रक्कम देणारी पॉलिसी) आणि आईबाबा फिरायला येतात तेव्हा आपण घेतो तो व्हिजिटर इन्शुरन्स, हे पण नाही बसत.

म्हणजे मित्राची अर्ज करायची खरी खिडकी ३१ मार्चशीच जोडलेली होती. ऑफिसचं कव्हरेज जायच्या ६० दिवस आधीपासून ते गेल्यावर ६० दिवसांपर्यंत प्लॅन निवडता येतो. ३१ मार्चपासून ६० दिवस मोजले की ३० मे येतो. पठ्ठ्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करायला बसला. आता थेट ओपन एनरोलमेंट (सगळ्यांसाठी खुली वार्षिक मुदत), म्हणजे १ नोव्हेंबर, आणि कव्हरेज सुरू १ जानेवारीला. जुलै ते डिसेंबर सहा महिने उघड्यावर, त्यात ऑगस्टमध्ये किडनी स्टोन. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

एच-१बीवाल्यांचा अजून एक घोळ होतो. व्हिसाचे ६० दिवस (नोकरी गेल्यावर अमेरिकेत जास्तीत जास्त तेवढं राहता येतं) आणि इन्शुरन्सचे ६० दिवस हे दोन वेगळे आहेत. व्हिसाचे नोकरी संपल्यापासून मोजतात, इन्शुरन्सचे कव्हरेज संपल्यापासून, आणि कव्हरेज काही कंपन्यांत शेवटच्या दिवशीच जातं तर काहींत महिनाअखेरपर्यंत चालतं. एचआरकडून कव्हरेज संपल्याच्या तारखेचं पत्र लगेच मागून घ्या, नंतर मार्केटप्लेस कागद मागते तेव्हा तेच लागतं.

मग करायचं काय? नोकरी जातेय हे कळल्या कळल्या प्लॅन निवडून टाका. कव्हरेज ३१ तारखेला संपणार असेल आणि त्याआधी निवडलंत तर १ तारखेपासून नवीन सुरू, मधे खड्डाच नाही. १० मेला कव्हरेज गेलं आणि त्याच महिन्यात निवडलंत तर १ जूनपासून. मधल्या तीन आठवड्यांसाठी शॉर्ट टर्म घ्यायची तर घ्या, ती घेतल्याने मूळची ६० दिवसांची खिडकी बंद होत नाही. फक्त ती घेतली म्हणून निवांत बसू नका, कॅलेंडर जुन्या तारखेपासूनच चालू असतं.

खरं तर त्या तीन आठवड्यांसाठी मी शॉर्ट टर्मपेक्षा कोब्रावर भरवसा ठेवीन. २० किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला किमान ६० दिवस मिळतात, आणि घेतला की तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे काही झालं नाही तर घ्यायचाच नाही, झालंच तर फॉर्म भरायचा आणि मागचे पैसे भरायचे. शॉर्ट टर्मवाले आधीपासूनचे आजार धरत नाहीत, बाळंतपण बहुतेक पॉलिसींत नसतंच, आणि क्लेम केला की जुनी मेडिकल हिस्टरी उकरून काढतात, हे वेगळंच.

आता ऑफिसच्या ग्रुप प्लॅनचं. इथे हिपा या फेडरल कायद्याचा नियम लागतो आणि त्यात ‘मिनिमम इसेन्शियल’ची अट नाही. समजा बायकोच्या कंपनीत प्लॅन आहे, तिने मागच्या वेळी नवऱ्याला त्यात घातलं नाही कारण त्याचा स्वतःचा इन्शुरन्स होता, नंतर तो शॉर्ट टर्मवर गेला आणि आता त्याची मुदत संपली. तर ती नवऱ्याला वर्षाच्या मधेच आपल्या प्लॅनमध्ये घेऊ शकते. पण मुदत संपल्यापासून ३० दिवसांत मागणी करायला हवी, ६० नाही. आणि पॉलिसी आपोआप संपलेली पाहिजे, हप्ते थकवून किंवा मनाने बंद करून चालत नाही. एचआरने फोनवर ‘शॉर्ट टर्म काउंट होत नाही’ म्हटलं तर वाद घालू नका, ईमेलवर ‘हिपा स्पेशल एनरोलमेंट’ हे शब्द लिहून लेखी उत्तर मागा, सोबत पॉलिसी संपल्याचं पत्र जोडा. तोंडी नाही म्हणणारे लेखी द्यायची वेळ आली की नियम उघडून बघतात.

ज्यांची खिडकी गेलीच आहे त्यांनी दुसरं कारण शोधायचं. बाळ झालं किंवा दत्तक घेतलं तर आधी कुठलाही इन्शुरन्स नसला तरी चालतं. दुसऱ्या राज्यात घर हलवलं तर चालतं, पण मागच्या ६० दिवसांत किमान एक दिवस खरं कव्हरेज असावं लागतं आणि शॉर्ट टर्म तिथेही धरत नाहीत, म्हणून टेक्सासहून ओहायोला गेलो की सुटलो असं नाही. लग्नाला पण दोघांपैकी एकाचं असं कव्हरेज लागतं, मात्र त्या ६० दिवसांत दोघांतलं कोणी परदेशात राहत असेल तर सूट आहे, म्हणजे नागपूरला लग्न करून बायकोला घेऊन आलात तर काळजी नको. नवीन नोकरी लागली तर तिथला प्लॅन मिळतोच. मेडिकेडला पात्र असाल तर तो वर्षभर कधीही.

पॉलिसी शॉर्ट टर्म आहे की नाही हे कसं ओळखायचं? अर्जात तब्येतीचे प्रश्न विचारले तर संशय घ्या, आणि पहिल्याच पानावर ही पूर्ण कव्हरेज नाही अशी सूचना असते ती शोधा. एजंट ‘पीपीओ आहे सर’ (पीपीओ हा नुसता डॉक्टरांच्या नेटवर्कचा प्रकार) एवढंच म्हणत राहिला तर फोन ठेवा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये हे प्लॅन मिळतच नाहीत, इलिनॉयने २०२५ पासून बंद केले. बाकी ठिकाणी मुदतीचा गोंधळ आहे: २०१८ च्या नियमाने ३६४ दिवसांपर्यंत घेता यायचे, १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या पॉलिसींना ३ महिने, वाढवून ४, अशी मर्यादा आली, मग ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल सरकार म्हणालं की त्या मर्यादेच्या अंमलबजावणीला आम्ही प्राधान्य देणार नाही. तेव्हा लांब मुदतीची विकायला कोणी आलं तर एवढं बघा की ती संपते कधी. घ्यायचीच असेल तर ३१ डिसेंबरला संपेल अशी घ्या, आणि आपल्या राज्याची तारीख बघून १५ डिसेंबरच्या आत मार्केटप्लेसचा प्लॅन निवडा, म्हणजे १ जानेवारीला तो सुरू होतो.