बाणाची पिसं कुठल्या रंगाची घ्यावीत?

कोल्हापुरात मोकळ्या मैदानावर सराव करणाऱ्यांनी पिसांचा रंग दुकानात नव्हे, गवताकडे बघून ठरवावा. पावसाळ्यात हिरवी पिसं गेली म्हणून समजा. दिवाळीनंतर गवत वाळलं की पिवळी-केशरीही शोधता शोधता नाकी नऊ येतात, आणि पन्हाळ्याकडच्या जांभ्या मातीत लाल बाण पायाखाली असला तरी दिसत नाही. भडक गुलाबी मात्र बाराही महिने उठून दिसतो. पोरं नाकं मुरडतात, मुरडू देत! शिवाय संध्याकाळी उजेड कमी झाला की लाल रंग सगळ्यांत आधी काळपट पडतो, पांढरा बराच वेळ टिकतो. परदेशात धनुष्यानं शिकार करणारे पांढरी पिसं घेतात ते त्यावर रक्ताचा डाग लगेच कळतो म्हणूनही. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा तो मुद्दा सोडा.

टार्गेटचा मधला भाग पिवळा असतो, त्यात पिवळी पिसं मिसळून जातात. नॉकही (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच) भडकच घ्या, कारण मारणाऱ्याला मागून तोच दिसतो. स्पर्धेला जाणार असाल तर सगळ्या बाणांची रंगसंगती एकसारखी लागते. एखादं पीस तुटलं तर त्याच रंगाचं चिकटवा.