स्लो कुकरमधलं अख्ख्या फऱ्याचं मटण

स्लो कुकरला एकच काम येतं: मऊ शिजवणं. भाजणं, वाटणाचा कच्चेपणा घालवणं, रस्सा आटवणं यातलं काहीच त्याला जमत नाही. आतलं पाणी उकळीच्या आसपास जाऊन तिथेच राहतं आणि वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. म्हणून चव सगळी सकाळी गॅसवर तयार करायची आणि नंतर आठ तास भांड्याला हात लावायचा नाही. चुलीच्या वैलावर पातेलं सरकवून ठेवतात तसंच हे, फक्त विजेवर. सगळं कच्चंच आत ओतून बटण दाबलं, तर संध्याकाळी फिक्कट, कांद्याचा उग्र वास मारणारं पाणी मिळतं आणि दोष उगाच कुकरला जातो.

अमेरिकेत पॉट रोस्टसाठी बीफच्या खांद्याचा मोठा तुकडा घेतात. आपल्याकडे त्या जागी बोकडाचा पुढचा फरा घ्या, हाडासकट सव्वा किलो. मांडीचं मटण दिसायला चांगलं, पण त्यात चिवट पडदे आणि चरबी कमी, त्यामुळे इतक्या वेळात ते कोरडं आणि धागेदार होतं. फऱ्यात कोलॅजन, म्हणजे त्या चिवट पडद्यांमधलं प्रथिन, भरपूर असतं. ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि ओठाला चिकटणारा रस्सा त्यातूनच येतो. दुकानात आधीच सांगा, नाहीतर सवयीने बारीक तुकडे करून मिळतील: सांध्यावर तोडून तीन-चार मोठे तुकडे हवेत. बारीक तुकडे आठ तासांत विरतात आणि हाडाच्या कपच्या रश्शात उतरतात. जत भागातल्या माडग्याळ मेंढीचं मटण घेणार असाल, तर वरची जाड चरबी काढून टाका आणि तेल निम्मं करा.

साडेचार ते सहा लिटरच्या कुकरला बाकीचं सामान असं: मध्यम कांदे ४, लसणाच्या १५ पाकळ्या, आलं २ इंच, मूठभर कोथिंबीर, किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ १ मोठा चमचा, घरचा कांदा-लसूण मसाला २ मोठे चमचे, हळद १ चहाचा चमचा, शेंगतेल ४ मोठे चमचे, मध्यम बटाटे ४, गाजरं ३ आणि गरम पाणी २५० मिलिलिटर. तमालपत्र २, दालचिनी १ इंच, लवंगा ३, मिरी ६. खडा मसाला एवढाच. बंद भांड्यात तासन्‌तास राहिल्याने लवंग-दालचिनी नेहमीपेक्षा जास्त उतरते आणि रस्सा औषधी लागायला लागतो. मीठ १२ ग्रॅम, म्हणजे सपाट २ चहाचे चमचे. हे कमी वाटेल, पण कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंच आणि इथे रस्सा आटत नाही, तेव्हा कमी पडलं तर शेवटी घालता येतं.

रात्री फऱ्याला फक्त मीठ चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मटणाला हळद लावून ठेवायची आपली सवय आहे, पण या कृतीत ती मोडावी लागते. तापलेल्या लोखंडावर हळद मटणाच्या आधी करपते आणि तो कडवटपणा नंतर काही केल्या जात नाही. सांगलीची चांगली राजापुरी हळद असली तरी तिची जागा नंतर, कांद्याबरोबर.

सकाळी कुकर रिकामाच ‘हाय’वर १५ मिनिटं लावून ठेवा, म्हणजे आतलं चिनी मातीचं भांडं कोमट होईल. थंड भांड्यात उकळतं ओतलं किंवा गरम भांडं नळाखाली धरलं, की त्याला तडा जातो. तोवर फरा स्वच्छ फडक्याने चांगला कोरडा करा. ओलं मटण भाजलं जात नाही, आपल्याच पाण्यात उकळतं. बिडाची किंवा लोखंडी कढई चांगली तापू द्या, दोन चमचे तेल घाला, एका वेळी दोनच तुकडे ठेवा आणि हलवू नका. चार-पाच मिनिटांत तुकडा आपोआप तळ सोडतो. चिकटून ओढ लागत असेल तर अजून वेळ आहे. सगळ्या बाजू गडद तपकिरी झाल्या पाहिजेत, नुसता रंग पालटून उपयोग नाही. याला एकूण २० मिनिटं लागतात. वेळ वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

त्याच कढईत उरलेलं तेल घालून तीन कांदे उभे चिरून दहा-बारा मिनिटं तांबूस परता. दुसरीकडे चौथा कांदा, खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजून आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर बारीक वाटा. कांदा तांबूस झाल्यावर खडा मसाला, मग वाटण घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. आच मंद करून हळद आणि कांदा-लसूण मसाला घाला, अर्धं मिनिट फिरवा आणि लगेच गरम पाणी ओता. वाटण अर्धवट परतलं तर तवंग येणारच नाही, कारण कुकरमध्ये तेल सुटण्याइतकी आच कधीच लागत नाही. तळाला चिकटलेली खरवड लाकडी उलथन्याने सोडवून रश्शात मिसळा. सगळी चव तिच्यात आहे. एक उकळी आली की मसाला तयार.

रचताना बटाटे आणि गाजरं तळाला, मटण वर. उलटं वाटेल, पण या भांड्याला उष्णता कडेने आणि तळाने मिळते आणि कंदमुळं मटणापेक्षा हळू शिजतात. बटाट्याचे दोनच तुकडे करा. महाबळेश्वरकडची बारीक गाजरं मिळाली तर अख्खीच घाला. रस्सा मटणाच्या निम्म्या उंचीपर्यंत आला की थांबा. मटण बुडालेलं नाही म्हणून आणखी पाणी ओतायचा मोह इथेच होतो. मटण आणि कांद्यातून बरंच पाणी सुटतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच उडून जात नाही. टोमॅटो, चिंच, दही सुरुवातीला घालू नका. आंबटपणात बटाटा आठ तासांनंतरही टणक राहतो. दही किंवा नारळाचं दूध घालायचंच असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर ते फाटतं.

‘लो’वर आठ तास, ‘हाय’वर साडेचार ते पाच. कोवळ्या बोकडाला ‘लो’वर सात पुरतात, जून असेल तर नऊ लागतात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर असल्याने तिथे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं, म्हणून तासभर जास्त धरा. झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. पाचव्या तासाला डोकावणारे बहुतेक घाबरतात, कारण तेव्हा मटण आखडलेलं आणि कोरडं लागतं. ते जास्त शिजलेलं नसतं, कमी शिजलेलं असतं: धागे आवळले गेलेत, कोलॅजन अजून विरघळायचं आहे. चमच्याची दांडी जोर न लावता आत गेली आणि हाड हाताने फिरलं, की झालं.

रस्सा पातळ वाटला तर दोन-तीन वाट्या पातेल्यात काढून मोठ्या आचेवर दहा मिनिटं आटवा, शिजलेला एक बटाटा त्यात कुस्करा आणि परत ओता. बेसन किंवा कॉर्नफ्लोर लावू नका. रश्शाला गुळगुळीत चिकटपणा येतो आणि भाकरी त्यात नीट भिजत नाही. वर चरबीचा जाड थर आला असेल तर पळीने काढा, लाल तवंग मात्र राहू द्या.

कोरेगावचा वाघ्या घेवडा यात फार छान लागतो, पण तो थेट कुकरमध्ये टाकायचा नाही. घेवडा राजम्याच्याच जातीचा. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते खळखळत्या उकळीनेच नष्ट होतं आणि स्लो कुकरच्या मंद उष्णतेत टिकून राहतं. उलट्या आणि जुलाब होतात. वाटीभर घेवडा रात्रभर भिजवून पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, तेही पाणी काढून टाका आणि मग बटाट्यांबरोबर तळाला घाला.

विजेचा खर्च थोडा: २०० वॅटचा कुकर आठ तासांत जास्तीत जास्त १.६ युनिट घेतो. प्रश्न वीज जाण्याचा आहे. डिजिटल कुकर बऱ्याचदा वीज परत आली तरी बंदच राहतो. फिरवायच्या बटणाचा आपोआप चालू होतो. ज्या दिवशी वीज जाणार हे माहीत आहे, त्या दिवशी हा बेत करू नका. घरात असताना गेली तर सगळं लगेच प्रेशर कुकरमध्ये काढून गॅसवर पूर्ण शिजवा. तुम्ही बाहेर असताना गेली आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर मटण कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. याच कारणाने बर्फात गोठलेलं मटण आत टाकायचं नाही आणि ‘वॉर्म’ बटणावर शिजवायचं नाही. ते फक्त शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे.

स्लो कुकर नसेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या. सगळी तयारी तीच, पाणी मात्र दीडपट. कडेला कणीक लावून झाकण बसवा, खाली लोखंडी तवा, आच सर्वांत बारीक, झाकणात थोडं पाणी ओतून ठेवा आणि ते आटलं की पुन्हा घाला. साडेतीन तासांनी कणीक फोडा.

शिजल्यावर दहा-पंधरा मिनिटं बंद करून ठेवा, कोथिंबीर भुरभुरा आणि जोंधळ्याच्या भाकरीबरोबर वाढा. उरलेलं दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. कुकरच्या भांड्यातच ठेवलं तर ते जाड मातीचं असल्याने आतलं लवकर गार होत नाही. दुसऱ्या दिवशी गॅसवर खळखळून उकळा. मटण हाडापासून सोडवून, थोड्या रश्शात, लोखंडी तव्यावर कोरडं होईपर्यंत परतलं की सुकं तयार.