कार सीट घेतली, पण मूल त्यात नीट बसलंय का? या चुका टाळा

धडक बसली की गाडी थांबते, आतली माणसं मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ हातात धरून ठेवायला साधारण १४० किलोचा जोर लागतो. "मी घट्ट धरलंय ना त्याला" असं आपण कितीही मायेने म्हटलं, तरी तेवढा जोर कुणाच्याच हातात नसतो. स्वतःच्या सीट बेल्टमध्ये बाळालाही घेणं तर त्याहून वाईट. मग मोठ्या माणसाचा सगळा भार त्या इवल्याशा जिवावर येतो.

म्हणून मुलासाठी वेगळी सीट हवीच. पण ती गाडीला पक्की हवी आणि मूल तिच्यात पक्कं हवं. यातलं एक जरी सैल राहिलं तरी सीटचा उपयोग खूप कमी होतो.

सीट हलते आहे

गाडीचा बेल्ट सीटमधून जिथून जातो, तिथे धरून ती हलवून पाहा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर बसवणं सैल आहे. वरच्या टोकाला धरून तपासू नका. नीट बसवलेली सीटही तिथे थोडी डुलते आणि उगाच धास्ती वाटते. सैल असेल तर सीटवर गुडघा टेकवून भार द्या, बेल्ट पूर्ण ओढा आणि मगच लॉक करा. आयसोफिक्सची (म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्या खास कड्यांना थेट अडकणारी) सीट असेल तर दोन्ही बाजूंचे खटके बसल्याची खूण बघा. पुढे तोंड असलेल्या सीटला वरून मागे बांधायचा पट्टा असेल, तर तोही लावा. बरेच जण तो तसाच लोंबकळत ठेवतात. धडकेत मुलाचं डोकं किती पुढे फेकलं जाईल, हे त्या पट्ट्यामुळे बरंच कमी होतं.

पट्टे घट्ट वाटतात, पण नसतात

मुलाला बसवून पट्टे आवळा आणि खांद्यापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली, तर अजून आवळायला हवा. मुलाला हात बाहेर काढता येत असतील, तर तो खोडकर आहे म्हणण्याआधी पट्टा तपासा.

फुगीर जाकीट फार फसवतं. एकदा करून बघा: जाकीट घालून मुलाला बसवा, पट्टे आवळा, मग लांबी न बदलता बकल उघडा. जाकीट काढून पुन्हा लावा. आता छाती आणि पट्टा यांच्यामध्ये जी पोकळी दिसते, ती मघाशीही होती, फक्त कापसाने भरलेली होती. धडकेत तो कापूस चेपतो आणि मूल तेवढं पुढे जातं. पातळ कपड्यांवर पट्टे लावा आणि पांघरूण वरून घाला.

घाईने पुढे तोंड करणं

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं आणि मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. मागे तोंड असलं की समोरच्या धडकेचा धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून झेलतात. मुलांच्या सीटसाठी युरोपात वापरल्या जाणाऱ्या आर१२९ मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत मागेच तोंड ठेवायची अट आहे. माझं मत विचाराल तर १५ महिन्यांवर थांबू नका; सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तसंच बसवा. पाय दुमडतात म्हणून अनेक पालक सीट वळवतात, पण मुलांना मांडी घालून बसायला काहीच त्रास होत नाही.

आणि चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट कधीही ठेवू नका. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

बूस्टर लवकर काढणं

बूस्टर म्हणजे मोठ्या मुलाला थोडं उंच बसवणारी सीट. ती नसेल तर साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत गाडीचा बेल्ट मुलाच्या अंगावर नीट बसत नाही. खालचा पट्टा पोटावर सरकतो आणि धडकेत आतल्या अवयवांना इजा करतो. तो मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर हवा. वरचा खांद्याच्या मधोमध. पट्टा मानेला टोचतो म्हणून मुलं तो काखेखालून घेतात. तसं दिसलं की समजा, बूस्टरची गरज अजून संपलेली नाही.

अपघातात सापडलेली किंवा इतिहास माहीत नसलेली जुनी सीट घेऊ नका.

मूल रडतं, बसायला तयार नसतं

चालत्या गाडीत बकल उघडून कडेवर घेऊ नका. सुरक्षित जागी थांबा, शांत करा, पुन्हा बसवा. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, हे मुलाला रोज दिसलं की कुरकुर हळूहळू कमी होते. त्यात आजी-आजोबाही आले. एका फेरीपुरती दिलेली सूट मुलं पुढे कितीतरी दिवस मागत राहतात.

गाडी उभी केल्यावर

उन्हात बंद गाडीचं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढू शकतं. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. "दोन मिनिटांत आलोच" म्हणूनही मुलाला आत सोडू नका. झोपलेलं मूल आवाज करत नाही आणि रोजचा क्रम बदललेल्या दिवशी ते मागे आहे हे विसरलं जाऊ शकतं. यासाठी आपला मोबाईल किंवा बॅग मागच्या सीटवरच ठेवा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल. घरी उभ्या असलेल्या गाडीचे दरवाजे आणि डिकी लॉक करा, चावी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.