वायरमनच्या लाईनमध्ये नवीन आलाय? आमच्या बाबांचं काम कसं होतं ते सांगतो

नवीन पोरं आधी हेच विचारतात की हात लवकर कसा बसवायचा. हात बसतो हो, रोज वायर सोलून सोलून कुणाचाही बसतो. बाबा आयुष्यभर वायरिंग करत आले, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, आता ते नाहीत. पण त्यांच्याकडून जे शिकलो त्यात हाताचा भाग कमी आणि तपासायचा जास्त, आणि तपासायचे पैसे कुणी देत नाही म्हणून तोच भाग सगळे आधी सोडून देतात.

त्यांचा बोर्ड बसवून झाला की खरं काम सुरू व्हायचं. टर्मिनलचा स्क्रू आवळला की प्रत्येक वायर दोन बोटात धरून ओढून बघायचे, एकूणएक, आणि जी हलली ती परत सोडवून नव्याने लावायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा, वाटायचं आवळलंय ना मग झालं की. नंतर हिशोब कळला. लूज जॉइंटमध्ये अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स आला आणि त्यातून १० अँपिअर करंट गेला तर त्या एवढ्याशा जागेत ५० वॅटची उष्णता तयार होते, आणि एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच, काही पडत नाही कारण त्याच्या दृष्टीने लोड नॉर्मलच असतो. आतल्या आत प्लास्टिक काळं पडत जातं. जळलेले बोर्ड उघडाल तेव्हा बघा, बऱ्याचदा असंच निघतं.

एमसीबीवरून आठवलं, यावर त्यांची गिऱ्हाइकांशी कायम वादावादी. सारखा पडतोय, मोठा टाकून द्या, असं हमखास कुणीतरी म्हणणार. एमसीबी वायरला वाचवायला असतो, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ अँपिअरचा बसवला तर आधी वायर तापणार आणि मग कधीतरी तो पडणार. बाबा हे एकदा समजावून सांगायचे, दुसऱ्यांदाही सांगायचे, तिसऱ्यांदा बॅग उचलून निघायचे. अशी कामं गेली, पैसेही गेले, आणि घरात तेव्हा पैशाची चणचण असायची हेही खरंय. तरी मला वाटतं बरोबर केलं त्यांनी. आणि माणसाला शॉक बसण्यापासून वाचवायचं काम ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, ते साध्या एमसीबीचं नाहीच, हा फरक पहिल्या आठवड्यातच डोक्यात बसवा.

सप्लाय बंद केलाय असं कुणी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचाच नाही, मी सांगितलं तरी नाही. आधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून बघायचे की पेटतोय, मग जिथे हात घालायचाय तिथे, मग परत चालू पॉइंटवर. मधेच टेस्टरच गेला असेल तर? म्हणून तिसऱ्यांदा. त्यातून छोट्या निऑनवाल्या टेस्टरचा उजेड उन्हात नीट दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, चांगला मीटर घ्या.

घरातला निम्मा धंदा आई सांभाळायची, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. फोन तीच घ्यायची, कुणाला कधीची वेळ दिलीय आणि कुणाकडे किती थकलंय ते तिच्या वहीत असायचं, आणि रात्री जेवणं झाली की बाबा तोंडाने सांगायचे आणि ती लिहायची. त्याच वेळी आम्हाला अभ्यासाला समोर बसवायचे, स्वतःला गणित फारसं यायचं नाही पण उठायचे नाहीत. उशिरा येणार असतील तर फोन करायचे, गिऱ्हाइकाला वेळ देतो तशी घरालाही वेळ द्यायची असं त्यांचं होतं. बाकी घरातली दुरुस्ती मात्र दिव्याखाली अंधार, मधल्या खोलीतला पंखा कित्येक दिवस रेग्युलेटरशिवाय फुल स्पीडवर फिरत होता आणि आई बडबडत होती.

एक गोष्ट मात्र त्यांची उचलू नका. फॉल्ट शोधायचे पैसे ते घ्यायचे नाहीत, फक्त बदललेल्या मालाचे आणि बसवायच्या मजुरीचे घ्यायचे. तीन तास डोकं लावून एक लूज न्यूट्रल सापडला की मालाचा खर्च शून्य, मग मागायचं कशाचं म्हणून संकोचायचे. शोधणं हेच काम आहे, बघायला येण्याचा चार्ज आधीच फोनवर सांगत जा, वाद होत नाहीत. आणि गुडघ्याला पॅड लावा, फरशीवर बसून खालचे सॉकेट भरण्यात वर्षं जातात, शेवटी शेवटी त्यांना शिडी चढवायची नाही, मी वर आणि ते खाली उभे राहून ओरडायचे, ओढून बघितलीस का.