मोटरहोमचा जुना फ्रिज: उन्हाळ्याआधीची तयारी

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की इंदूरात ऊन चढायला लागतं आणि मग फ्रिजवाला मेकॅनिक फोनच उचलत नाही, म्हणून मोटरहोममधला जुना फ्रिज कुरकुर करत असेल तर हे काम फेब्रुवारीतच काढा, सुट्ट्या लागून पचमढीचं ठरल्यावर धावपळ नको. आमच्या गाडीत आईचं इन्सुलिन असतं, न उघडलेल्या व्हायल 2 ते 8 डिग्रीतच ठेवायच्या असतात आणि चुकून गोठल्या तर सरळ टाकून द्याव्या लागतात, त्यामुळे या विषयात मी जरा जास्तच काटेकोर आहे आणि यादीही तशीच लांबलचक झालीय.

सगळ्यात आधी आपला फ्रिज कुठल्या जातीचा आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. दार उघडून आतलं स्टिकर वाचा, फोटो काढून ठेवा. त्यावर अमोनिया किंवा एनएच थ्री लिहिलं असेल आणि चालताना काहीच घरघर येत नसेल तर तो ॲब्सॉर्प्शनवाला, म्हणजे उष्णतेवर चालणारा. बाहेरून आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हाच असतो, हॉटेलातले आवाज न करणारे मिनीबारही बरेचसे याच जातीचे. स्वीडनमध्ये 1922 मध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे डोकं लढवलं होतं, आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, हलणारा भाग एकही नाही, आणि खालून उष्णता द्यायला एलपीजीची ज्योत, 230 व्होल्टचा हीटर किंवा 12 व्होल्टचा हीटर, काहीही चालतं. स्टिकरवर आर 134 ए किंवा आर 600 ए असेल तर तो कॉम्प्रेसरवाला, आपल्या पिथमपूरला बनणाऱ्या ट्रॅव्हलर व्हॅनवर वगैरे हल्ली जे कॅम्पर बांधून घेतात त्यात शक्यतो हाच टाकतात. त्याच स्टिकरवर एन, एसटी, टी अशी अक्षरंही असतात ती सोडू नका, एन म्हणजे बाहेर 32 डिग्रीपर्यंत, एसटी म्हणजे 38 आणि टी म्हणजे 43 पर्यंत नीट चालेल असा त्याचा अर्थ. फ्रिज एन क्लासचा असेल तर मे महिन्यात तो दमणारच, त्याला बिघाड म्हणून दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

हाताशी काय लागेल तर एक बरा मल्टिमीटर, फ्रिजमध्ये ठेवायचे दोन थर्मामीटर, टॉर्च, स्पिरिट लेव्हल, साबणाचं पाणी, मऊ ब्रश. महाराणी रोडला आणि सियागंजात मिळून सगळं एका दुपारी होतं.

आता मेकॅनिकला बोलवायच्या आधी घरच्या घरी जे बघायचं ते बघून घ्या, कारण गाडीतला फ्रिज मेला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा फ्रिज चांगला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचणारी वीज किंवा हवा कमी पडत असते. दाराच्या रबरात नोट अडकवून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर त्या जागी रबर गेलंय, असं चारी बाजूंनी करायचं, खालचा बिजागरीकडचा कोपरा विसरायचा नाही, बऱ्याचदा तिथेच रबर चपटं झालेलं असतं. रबर कडक झालं असेल तर कोमट पाण्याने पुसून हेअर ड्रायरने हलकं शेकून बघा, काही वेळा परत बसतं. मग बाहेरच्या जाळ्या काढून मागची कॉइल बघा, आपल्याकडच्या धुळीने तिथे नमद्यासारखा थर बसतो आणि मागचा छोटा पंखा जाम असतो, ब्रशने आणि हवेने साफ केलं की तेवढ्यानेच आतलं तापमान उतरलेलं मी बघितलंय.

विजेचं मात्र नीट करा, घाईने नको. मल्टिमीटर बॅटरीवर नाही तर फ्रिजच्या टर्मिनलवर लावायचा आणि तोही फ्रिज चालू होत असताना, नुसत्या बंद फ्रिजवर 12.6 दिसलं म्हणून काही कळत नाही. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली, दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल तर पाच ॲम्पियरला जवळजवळ 0.6 व्होल्ट वायरमध्येच जातात, चार एमएमची टाकली तर 0.25 च्याही आत, आणि कॉम्प्रेसर उठताना करंट जास्त ओढतो तेव्हा हाच फरक नडतो. डॅनफॉसच्या, म्हणजे आताच्या सेकॉपच्या बीडी 35 जातीच्या कॉम्प्रेसरला मागे एक छोटा काळा कंट्रोल बॉक्स असतो, तो 12 व्होल्टवर सर्वसाधारण सेटिंगला 10.4 ला कॉम्प्रेसर बंद करतो आणि 11.7 झाल्याशिवाय परत उठवत नाही. त्या बॉक्सला एलईडी जोडलेला असेल तर संध्याकाळी अंधारात गाडीच्या मागे बसा आणि लुकलुक मोजा: एकदाच लुकलुकून थांबला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंखा जास्त करंट ओढतोय, तीनदा म्हणजे कॉम्प्रेसर उठत नाहीये, चारदा म्हणजे लोडमुळे स्पीड पकडत नाहीये, पाचदा म्हणजे बॉक्स तापलाय. हे आकडे वहीत लिहून ठेवले की मेकॅनिकशी बोलणं सोपं जातं, नाहीतर तो आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस डलवा लो."

गॅस भरायच्या बाबतीत ठाम राहा. कॉम्प्रेसरवाल्या छोट्या फ्रिजमध्ये गॅस ग्रॅममध्ये असतो, किती ते स्टिकरवर लिहिलेलं असतं, त्यामुळे वजनकाट्यावर मोजूनच भरायचा, अंदाजे नाही. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, तर आधी नायट्रोजन भरून गळती शोधायची, ती बंद करायची, फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग गॅस. हे सगळं करणार का ते फोनवरच विचारा, "हो" म्हणाला तरच बोलवा. आर 600 ए असेल तर हा गॅस पेट घेतो, गाडीच्या बंद केबिनमध्ये बर्नर घेऊन ब्रेझिंग, म्हणजे नळ्या तापवून जोडणं, अजिबात करू द्यायचं नाही, फ्रिज बाहेर मोकळ्यावर काढूनच. आणि अमोनियावाल्याचं तर सांगून ठेवते, त्यात गॅस भरता येत नाही. ते युनिट कारखान्यातच सील झालेलं असतं, त्याला व्हॉल्व्ह लावून काही भरायची गोष्ट कोणी केली तर नमस्कार करून परत पाठवा.

अमोनियावाल्याची तपासणी वेगळी आहे. गाडी स्पिरिट लेव्हल लावून सपाट उभी करा, लेव्हल फ्रिजच्या आत ठेवायची, डॅशबोर्डवर नाही. हा फ्रिज उभ्या गाडीत तिरका राहिला तर आतलं द्रव वाहत नाही आणि बॉयलर, म्हणजे खालचा उष्णता देतो तो भाग, नुसताच तापत राहतो, जुन्या मॉडेलला तीनेक डिग्रीचाही फरक चालत नाही. भेरू घाटात चालत्या गाडीत कल बदलत राहतो म्हणून फारसं बिघडत नाही, पण ओंकारेश्वरला उतारावर रात्रभर गाडी लावली की सकाळी दूध फाटलेलं मिळणार. सपाट करून 230 व्होल्टवर रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी मागची झडप उघडून बघा. बॉयलर गरम आणि आत गारवा नाही तर युनिट गेलं. बॉयलरच थंड तर हीटर, फ्यूज किंवा थर्मोस्टॅट, आणि हे स्वस्तातलं काम. हीटरच्या वायरी सोडवून ओहम मोजा, 175 वॅटचा 230 व्होल्टवाला हीटर तीनशे ओहमच्या आसपास दाखवतो, 120 वॅटचा 12 व्होल्टवाला साधारण 1.2, मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर जळालाय. गॅसवर चालत नसेल तर बर्नर बघा, ज्योत निळी हवी, पिवळी नाचत असेल तर जेटमध्ये काजळी किंवा कोळ्याचं जाळं असतं, पण जेटमध्ये सुई घालू नका, त्याचं भोक मापाचं असतं, स्पिरिटमध्ये भिजवून हवा मारा. बटण सोडलं की ज्योत विझत असेल तर थर्मोकपल (ज्योत पेटलीय का ते ओळखणारी काडी) बघा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून कधीच नाही. मागच्या नळ्यांवर पिवळे डाग दिसले किंवा डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर तिथेच थांबा, सगळं बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आई-बाबांना आणि मुलांना खाली उतरवा, कारण आतला अमोनिया बाहेर येतोय आणि सोबत हायड्रोजनही आहे. अशा युनिटला दुरुस्ती नाही. गॅसवरच्या फ्रिजवाल्यांनी अजून एक पक्कं करा, पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी ज्योत बंद.

एवढं झाल्यावर ठरवायचं. माझं मत विचाराल तर रबर, पंखा, वायर, हीटर, थर्मोस्टॅट, कंट्रोल बॉक्स यातलं काही गेलं असेल तर दुरुस्त करा, फ्रिज दहा वर्षांचा असला तरी. फ्रिजच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळा नसतानाही घाम येत असेल तर आतलं फोम ओलं झालंय, तिथे काही उपाय नाही, नवा घ्या. आणि अमोनियाचं युनिट गेलं असेल तर आपल्या हवामानात परत तसलाच आणण्यापेक्षा कॉम्प्रेसरवाला घ्यावा, उन्हाळ्यात तोच टिकाव धरतो.

नवा घ्यायचा तर टेप घेऊन दोन मापं काढा, एक जुन्या फ्रिजच्या खोबणीचं, उंची, रुंदी, खोली, आणि दुसरं गाडीच्या दाराचं. हे दुसरं माप कोणी काढत नाही आणि मग फ्रिज दारातून आतच जात नाही. मागे आणि वर हवेला जागा सोडायची आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा, ओट्याला आपटायला नको. घरचा सिंगल डोअर स्वस्त पडतो हे खरं, पण त्याला प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो, इन्व्हर्टर स्वतःच काही वीज खातो, आणि दाराला कडी नसते, वळणावर दह्याचं पातेलं खाली येतं. मोठी बस असेल तर बॅटरी 24 व्होल्टची असू शकते, फ्रिज दोन्हीवर चालणारा आहे ना ते विचारून घ्या.

बॅटरीचा हिशोब कागदावर करा. 50 वॅटचा कॉम्प्रेसर एप्रिलमध्ये दिवसाच्या 65 टक्के वेळ चालला तर 24 तासांत 780 वॅट-अवर, म्हणजे 12 व्होल्टवर 65 ॲम्पियर-अवर. 150 ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नसते, म्हणजे हातात 75, एक दिवस जेमतेम. वर 200 वॅटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हात जवळपास तेवढं परत मिळतं, पण गाडी वडाखाली लावली की सोलर गेलं, आणि उन्हात लावली की फ्रिज जास्त चालतो, म्हणून मी पॅनलला लांब वायर लावून सुटं ठेवायच्या बाजूची आहे. बीएस 6 गाड्यांमध्ये अल्टरनेटर व्होल्टेज वरखाली करतो, तिथे डीसी-डीसी चार्जर (ते व्होल्टेज सारखं करून बॅटरी भरणारा) लागतो, तो यादीत लिहा. बॅटरीपासून फ्रिजला स्वतंत्र चार एमएमची वायर, बॅटरीजवळच 15 ॲम्पियरचा फ्यूज, वायरच्या टोकांना दाबून बसवलेले (क्रिंप केलेले) लग, नुसता पीळ देऊन टेप नाही.

कामाच्या दिवशी इन्सुलिन, मुलांची औषधं, चक्का-लोणी सगळं आदल्या रात्रीच घरच्या फ्रिजमध्ये हलवा. सोलर, चार्जर, बॅटरी या क्रमाने सगळं बंद करा, सिलिंडर काढून ठेवा, आणि गॅसवाला फ्रिज जात असेल तर त्याची गॅसलाइन जाणकार फिटरकडून पितळी टोपी लावून बंद करून घ्या, फडकं कोंबून किंवा वाकवून नाही. धुराड्याचं भोक बंद करा पण बाजूच्या जाळ्या राहू द्या, नव्या कॉम्प्रेसरची गरम हवा तिथूनच बाहेर जाईल, वरच्या जाळीला एक छोटा 12 व्होल्टचा पंखा लावला तर फारच छान. नवा फ्रिज आडवा होऊन आला असेल तर बसवून काही तास उभाच राहू द्या, लगेच चालू करू नका, तेल खाली बसू द्या. मग गाडी दारात उन्हात लावून पूर्ण एक दिवस-रात्र चालवा, आत पाण्याच्या बाटल्या भरून, एक थर्मामीटर वरच्या कप्प्यात आणि एक खाली, दोन्ही आकडे दुपारी तीनला आणि पहाटे वाचा, पहाटे वरचा 2 डिग्रीच्या खाली जात असेल तर सेटिंग कमी करा. घरच्या सॉकेटवरून चालवताना अर्थिंग आणि 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते बघून घ्या, गाडीची बॉडी लोखंडी आहे आणि पोरं अनवाणी चढतात.

राहिला जुना फ्रिज, तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नका, विशेषतः अमोनियावाला. भंगारवाला धातूसाठी नळ्या कापतो, आणि या युनिटमध्ये गंज लागू नये म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते विषारी आहे, कापणाऱ्याच्या हाताला, फुफ्फुसाला आणि मग नाल्यात जातं. फ्रिज ई-कचऱ्याच्या नियमांत येतो, 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, तेव्हा नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या किंवा नवा देणाऱ्या दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये तो कुठे पाठवतो ते विचारून मगच द्या. देताना नळ्या शाबूत, फ्रिज उभा, दार दोरीने बांधलेलं, आणि मॉडेलच्या स्टिकरचा फोटो व पावती गाडीच्या फाइलमध्ये.